एकाच जनावराचे दहा भाव : जपानमध्ये परवडणारं वाग्यू

आमच्या वसईच्या घरी मोठ्याचं मटण, म्हणजे बीफ, हे काटकसरीचं जेवण होतं. बकऱ्याचं सणासुदीला, कोंबडी पाहुणे आले की. एरवी रविवारी मिस्सा आटोपून येताना पप्पा पिशवीतून मोठ्याचं घेऊन यायचे. तेही कुणी मागत नाही तो भाग, शिरा-नळ्यांचा. बटाटे घालून तासन्‌तास शिजवायचं, म्हणजे सगळ्यांना पुरतं. त्या सवयीचा मी, तोक्योत आल्यावर पहिल्याच आठवड्यात निशी-कासाईच्या सुपरमार्केटमध्ये फ्रिजपुढे उभा राहिलो. गुलाबी-पांढऱ्या नक्षीचं एक पाकीट, त्यावर १,७८० येन. महाग आहे, पण एकदा घेऊन बघू म्हणून हात पुढे केला आणि आकड्याशेजारची बारीक अक्षरं दिसली. भाव किलोचा नव्हता, शंभर ग्रॅमचा होता.

पाकीट जागच्या जागी ठेवलं. शंभर येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये. हिशेब तुम्हीच करा. पण त्याच फ्रिजच्या खालच्या फळीवर, तीच चार चित्राक्षरं लेबलावर असलेलं दुसरं पाकीट होतं, ५८० येनांचं. आणि अगदी कोपऱ्यात तिसरं, २६० येनांचं. तिन्ही वाग्यू, म्हणजे जपानच्या खास जातींचं, जाळीदार चरबीचं गोमांस. कदाचित तिन्ही एकाच जनावराची.

आता जपानला फिरायला येणारा प्रत्येक मित्र, मावसभाऊ, मित्राचा मेव्हणा एकच प्रश्न विचारतो : चांगलं वाग्यू स्वस्तात कुठे मिळेल? त्यांना दुकानाचं नाव हवं असतं. नावंही सांगतो, पण नुसत्या नावाने काम होत नाही. जनावराचा भाग कुठला, दिवसाची वेळ कुठली आणि लेबलावर नेमका शब्द काय, यावर भाव दसपट हलतो. दुकान तेच, बिल वेगळं. (ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांनी इथेच थांबलं तरी माझी काही तक्रार नाही. आणि कुणी हे भारतात मागवायचा विचार करत असेल तर सोडून द्या. भारतात गोमांसाची आयात बंद आहे.)

'देशी' म्हणजे कोणतं देशी

'वा' म्हणजे जपानी आणि 'ग्यू' म्हणजे गाय-बैल. यावरून वाटतं की जपानमध्ये वाढलेलं कुठलंही जनावर वाग्यूच. तसं नाही. हा शब्द चारच जातींना आणि त्यांच्या आपसातल्या संकरांना लावता येतो : काळी, तांबडी, आखूडशिंगी आणि बिनशिंगी. यातली काळी जात नव्वद टक्क्यांहून जास्त आहे, म्हणून मेन्यूवर बहुतेक वेळा 'कुरोगे वाग्यू', म्हणजे काळ्या केसांचं वाग्यू, असंच लिहिलेलं दिसतं. वर म्हटली ती चार चित्राक्षरं हीच.

शेजारच्या पाकिटावर 'कोकुसान-ग्यू' असं असतं. शब्दाचा अर्थ देशात तयार झालेलं गोमांस. आपण 'देशी गाय' म्हटलं की खिल्लार, डांगी, देवणी अशा जाती डोळ्यांपुढे आणतो. जपानीत तो मान 'वाग्यू'ला आहे. 'कोकुसान'मध्ये डेअरीच्या धंद्यातले होल्स्टीनचे गोऱ्हेही येतात, आणि परदेशात जन्मून आयुष्याचा जास्त काळ जपानमध्ये काढलेलं जनावरही चालतं. ते वाईट नसतं, पण वाग्यूच्या भावाने घेऊ नये. पर्यटकांसाठीच्या इंग्रजी मेन्यूत दोन्हींसाठी 'जपानी बीफ' एवढंच लिहून मोकळे होतात. तिथे बोट ठेवून 'कुरोगे वाग्यू देसु का?' असं विचारावं. जपानी माणूस तोंडावर खोटं सहसा बोलत नाही. फार तर मान तिरकी करून दातांमधून हवा ओढतो. त्याचा अर्थ 'नाही'.

या दोहोंच्या मधली एक जागा आहे, आणि माझ्या मते पैसे वाचवायची ती सगळ्यात चांगली जागा. वाग्यू बाप आणि होल्स्टीन आई यांचा संकर. लेबलावर 'कोकुसान-ग्यू' लिहून पुढे कंसात 'कोझात्सु' म्हणजे संकरित असं असतं. बापाकडून थोडी जाळीदार चरबी येते, आईकडून मोठा देह आणि कमी भाव. घरी रोजच्या जेवणाला मी डोळे मिटून हेच उचलतो.

लेबलावर आणखी एक दहा आकडी क्रमांक असतो. २००१ च्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये 'मॅड काउ'चं पहिलं जनावर सापडलं आणि लोकांनी गोमांस खाणंच सोडलं. विश्वास परत मिळवायला २००३ साली कायदा झाला : प्रत्येक जनावराच्या कानाला क्रमांक, आणि तोच क्रमांक दुकानातल्या पाकिटावर. सरकारी पशुपैदास केंद्राच्या संकेतस्थळावर तो टाकला की जन्मतारीख, नर की मादी, जात, कुठल्या प्रांतात जन्म, कुठे हलवलं, कधी कापलं, इतकंच काय, आईचा क्रमांकसुद्धा समोर येतो. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा पाकिटातली ती मियाझाकीत जन्मलेली कालवड होती, आणि तिची आई कोण हे मला माहीत होतं. त्या रात्री जेवण जरा गप्पपणे झालं. खिमा आणि कामात उरलेले बारीक तुकडे यांना हा क्रमांक सक्तीचा नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

ए५ म्हणजे पहिला नंबर नव्हे

'ए५' या दोन चिन्हांचा जगभर इतका गाजावाजा आहे की लोक ते चवीचं प्रमाणपत्र समजतात. प्रत्यक्षात काय होतं? कत्तलीनंतर धडाचा अर्धा भाग सहाव्या आणि सातव्या बरगडीच्या मध्ये कापतात, आणि जपानच्या मांस प्रतवारी संघटनेचा माणूस ते कापलेलं तोंड बघतो. आधीचं अक्षर, ए, बी किंवा सी, म्हणजे त्या धडातून खाण्याजोगं मांस किती निघेल याचा अंदाज. ते व्यापाऱ्याच्या कामाचं. खाणाऱ्याला बी५ आणि ए५ यांत काडीचा फरक कळणार नाही. पुढचा आकडा १ ते ५. तो ठरवायला चार गोष्टी बघतात : मांसातली चरबीची जाळी, मांसाचा रंग, पोत, आणि चरबीचा रंग. चारांत जो सगळ्यात कमी, तोच अंतिम. चरबीच्या जाळीला वेगळे १ ते १२ गुण असतात; ८ ते १२ मिळाले तर ५, आणि ५ ते ७ मिळाले तर ४.

म्हणजे ए५ च्या आतच ८ गुणवालंही आहे आणि १२ गुणवालंही. चव कुणी घेतच नाही. आणि पैदाशीचं शास्त्र इतकं पुढे गेलंय की काळ्या जातीच्या खच्ची केलेल्या बैलांपैकी निम्म्याहून जास्त आजकाल ए५ ठरतात. जे निम्म्यांना मिळतं ते दुर्मिळ कसलं? पाटीवर मोठ्या अक्षरांत 'ए५' लिहून चढा भाव लावलेला दिसला की मी पुढे चालू लागतो.

वर आणखी, १२ गुणांची चरबी दोन-तीन तुकड्यांपलीकडे जात नाही. वाग्यूच्या चरबीत ओलेइक आम्ल भरपूर, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात असतं तेच; त्यामुळे ती कमी उष्णतेला वितळते, तळहातावर ठेवली तरी चिकट होऊ लागते. जिभेवर तो पहिला घास खरोखर काहीतरी वेगळाच असतो. चौथ्या घासाला तूप प्यायल्यासारखं वाटतं. हे खिशाच्या दृष्टीने चांगलंच आहे : माणशी ८० ते १०० ग्रॅम पुरतं, आणि ए४ किंवा ए३ घेतलंत तर मांसाची चवही कळते.

मुळात हे जनावर चरबीसाठी पाळलेलं नव्हतं. ६७५ साली सम्राट तेन्मूने मांसबंदी केली, आणि पुढची हजारेक वर्षं तिचे कमी-जास्त पडसाद टिकले. गुरं होती ती नांगराला आणि ओझ्याला. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याची बातमी बाहेर आली आणि ते आधुनिकपणाचं लक्षण झालं. तरी शेतातला बैल शेतातच राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉवर टिलर आले तेव्हा कुठे तो कामातून सुटला आणि पूर्णपणे मांसाचं जनावर बनला. बिअर पाजतात, मालिश करतात वगैरे गोष्टी काही तुरळक गोठ्यांपुरत्या. भाव चढतो तो वेळेने : नऊ-दहा महिन्यांचं वासरू लिलावात विकत घेऊन त्याला जवळपास तीस महिन्यांचं होईपर्यंत धान्य खाऊ घालायचं, आणि ते धान्य बहुतेक आयात केलेलं.

फ्रिजची खालची फळी

आता मुख्य गोष्ट. सर्लॉइन, रिब आणि फिले हे ज्यासाठी लोक वेडे होतात ते भाग विकण्याजोग्या मांसाचा फार तर पाचवा हिस्सा. बाकीचे चार हिस्से? मान, खांदा, मांडी, पोट, पिंढरी, शिरा. जनावर तेच, त्याने खाल्लेलं धान्य तेच, चरबीचा गुणधर्म तोच. पण त्याचं स्टेक होत नाही, म्हणून भाव निम्मा किंवा त्याहून खाली.

सुपरमार्केटात शोधायचा शब्द 'किरिओतोशी'. चांगले काप करताना कडेचे जे वेडेवाकडे पातळ तुकडे उरतात ते. कुरोगे वाग्यूचं किरिओतोशी माझ्या भागात शंभर ग्रॅमला ५०० ते ७०० येन पडतं. सुकियाकीला (म्हणजे गोडसर रश्श्यात शिजवलेल्या पातळ कापांना), भातावर घालायला, कांद्याबरोबर परतायला आकार बघतोय कोण? खांदा (काता, उदे) आणि मांडी (मोमो) हे शब्दही पाठ करून ठेवावेत. आणि सगळ्यात खाली 'ग्यू-सुजी', शिरा आणि स्नायूबंध. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

फिरायला आलेल्यांकडे शेगडी नसते, त्यांच्यासाठी खाटकाचं दुकान. जपानी खाटिक उरलेल्या मांसाचं काय करतो? खिमा करून बटाट्यात घालतो आणि 'कोरोक्के' तळतो, नाहीतर नुसत्या खिम्याचा कांदा घालून गोळा करतो, ब्रेडचा चुरा लावतो आणि 'मेन्ची-कात्सू' म्हणून विकतो. आपल्या पॅटिस-कटलेटचाच भाऊ. कोबेत मोतोमाची स्टेशनाजवळ मोरिया हे १८७३ सालचं मांसाचं दुकान आहे. तिथली कोरोक्केची रांग दुरूनच दिसते. तोक्योत किचिजोजीला सातो म्हणून मात्सुसाका हे नावाजलेलं गोमांस विकणारा आहे. त्याचा मेन्ची-कात्सू चेंडूसारखा गोल. कागदाच्या पाकिटात देतात, आणि पहिल्याच चाव्याला आतलं गरम पाणी-चरबी थेट मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. पुढे झुकून खा. हे सगळं काहीशे येनांत होतं. प्रत्येक गोळ्यात फक्त नावाजलेल्याच जनावराचं मांस असतं असं मानायचं कारण नाही, पण दुकानातल्या फ्रिजमध्ये जे आहे त्याचाच तो शेवट असतो.

गिफू प्रांतातल्या ताकायामाला गेलात तर सान्माचीच्या जुन्या लाकडी गल्लीत हिदा गोमांसाची सुशी मिळते. भाताच्या घासावर मांसाची चकती ठेवून वरून फक्त आच दाखवतात, आणि बशीऐवजी पापडावर देतात. सुशी खायची आणि बशीही खाऊन टाकायची. हजार येनांच्या आत-बाहेर काम होतं. हॉटेलात बसून हिदाचं स्टेक खाण्यापेक्षा उभ्याने खाल्लेली ही दोन सुशी मला जास्त आठवते.

घड्याळ आणि कॅलेंडर

याकिनिकूच्या, म्हणजे टेबलावरच्या जाळीवर मांस भाजून खायच्या, चांगल्या दुकानात रात्री माणशी आठ-दहा हजार येन सहज उडतात. त्याच दुकानात दुपारी साडेअकरा ते दोन या वेळेत भात, सूप, किमची आणि मांस असं ताट दीड ते तीन हजारांत मिळू शकतं. रात्री साहेबांच्या कंपनीच्या खर्चाने स्टेकचे भाग संपतात. खांदा-मांडीचे काप दुपारी ऑफिसवाल्यांना जातात. यात दुकानदारावर उपकार नाहीत आणि आपल्यावरही नाहीत. 'इत्तो-गाई' अशी पाटी दिसली तर थांबा. म्हणजे मालक अख्खं जनावर विकत घेतो. त्याला सगळे भाग खपवायचेच असतात, आणि मिसुजी, इचिबो अशी एका जनावरात थोडीशीच निघणारी तुकड्यांची नावं तिथे माफक भावात चाखायला मिळतात. फक्त दुपारच्या ताटात 'वाग्यू' हा शब्द लिहिलाय ना एवढं बघा. पुष्कळदा रात्रीचं वाग्यू असतं आणि दुपारचं अमेरिकन.

असाकुसातलं इमाहान हे १८९५ पासूनचं सुकियाकीचं घराणं. रात्री तिथे बसायची माझी ऐपत नाही. दुपारी मात्र मोजक्या वाट्या भातावर गोडसर रश्श्यातलं मांस घालून देतात. लवकर जाऊन उभं राहावं लागतं.

संध्याकाळी सुपरमार्केटात आणखी एक नाटक चालतं. आठच्या सुमारास एप्रन घातलेला माणूस हातात स्टिकरचं यंत्र घेऊन मांसाच्या फ्रिजपाशी येतो. आधी २० टक्के, मग ३०, आणि बंद व्हायच्या आधी 'हांगाकू', निम्मा भाव. नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्याची वेळ ठाऊक असते. ती मंडळी लोणच्यांच्या फळीकडे तोंड करून उभी असतात, पण लक्ष पूर्ण इकडे. त्याच्या अंगावर कुणी धावून जात नाही, पाकीट पुढे करून 'याला लावा ना' असंही म्हणत नाही. तो दोन पावलं सरकला की मग हात पुढे होतात. मीही आता लोणच्यांपाशी उभा राहतो. माझी बायको म्हणते, दादरच्या मार्केटात भाजीवाला उठायच्या वेळेला तू असाच घुटमळायचास.

आणि तारीख लक्षात ठेवा : २९. जपानीत दोनला 'नी' आणि नवाला 'कू' म्हणतात. 'निकू' म्हणजे मांस. म्हणून दर महिन्याची २९ तारीख हा मांसाचा दिवस. किती तरी दुकानं त्या दिवशी भाव उतरवतात. २९ नोव्हेंबर तर 'चांगल्या मांसाचा दिवस', कारण अकराचे दोन एक म्हणजे 'ई', चांगलं. हा शब्दांचा खेळ जपानी माणूस अत्यंत गंभीर चेहऱ्याने खेळतो.

नावाची किंमत

कोबे गोमांस हे सगळ्यात मोठं नाव. ते ह्योगो प्रांतात जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या आणि तिथेच कापलेल्या ताजिमा वंशाच्या जनावराचं असावं लागतं. चरबीच्या जाळीला किमान ६ गुण हवेत, धडाच्या वजनाची मर्यादाही आहे. यात बसलं तर त्याच्यावर कोबेचा शिक्का. न बसलं तर? वंश तोच, गोठाही तोच असू शकतो, पण ते 'ताजिमा गोमांस' म्हणून विकलं जातं आणि स्वस्त पडतं. कोबे शहरातल्या सानोमिया भागात कोबे गोमांसाचे भाव बघून घाम फुटला तर मेन्यूत ताजिमा शोधा. ५ गुण आणि ६ गुण यांतला फरक डोळे बांधून ओळखून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

कोबे जपानबाहेर पहिल्यांदा गेलं ते २०१२ मध्ये, मकाऊला. त्याआधी जगभरच्या हॉटेलांत ज्यांनी 'कोबे' खाल्लं त्यांनी नेमकं काय खाल्लं, हा त्यांचा आणि त्या हॉटेलांचा प्रश्न. 'वाग्यू' शब्दाचंही तसंच. सत्तरच्या आणि नव्वदच्या दशकांत काही जनावरं अमेरिकेला गेली, तिथून वंश ऑस्ट्रेलियातही पसरला. सिंगापूर-दुबईत 'वाग्यू बर्गर' मिळतो तो बहुधा त्या संकरांचा. चांगला असतो, पण तो जपानी वाग्यू म्हणून मोजू नका.

जपानमध्येही सापळे आहेत. स्वस्त मांसात सुईने चरबी टोचून जाळी उमटवतात. बेकायदा नाही, पण लेबलावर लिहावं लागतं. २०१३ मध्ये मोठमोठ्या हॉटेलांच्या मेन्यूतली खोटी नावं उघडी पडली, त्यात हेही होतं. ग्यूदोन, म्हणजे गोमांस-भाताची वाटी विकणाऱ्या साखळ्यांमध्ये वाग्यू शोधू नका. त्यांचं मांस मुख्यतः अमेरिकेतून येतं. २००३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन मांसावर बंदी आली, तेव्हा योशिनोया या साखळीला २००४ मध्ये ग्यूदोनच बंद करावं लागलं होतं. आणि पर्यटकांच्या बाजारात काडीला लावलेले चार तुकडे! मी एकदा अडीच हजार येन मोजून असली काडी घेतली. बाईंनी गॅसच्या ज्योतीने वरून जाळली, मीठ भुरभुरलं, मी उभ्या उभ्या तीन मिनिटांत संपवली. दोन गल्ल्या पलीकडे तेवढ्याच पैशांत दुपारचं अख्खं ताट होतं.

चरबीच्या शर्यतीतून बाहेर पडायचं असेल तर तांबड्या जातीकडे वळा. क्युशूमध्ये, कुमामोतो प्रांतात आसो ज्वालामुखीच्या भोवती मैलोन्‌मैल गवताळ कुरणं आहेत. वसंताच्या तोंडाला गावकरी ती पेटवून देतात म्हणजे नवं गवत फुटतं. तिथे आकाउशी, म्हणजे हीच तांबडी जात, चरते. मांस लाल, चरबी बेताची, भाव काळ्याहून कमी. उचिनोमाकीच्या गरम झऱ्यांच्या गावात इमाकिन नावाची शंभर वर्षं जुनी खाणावळ आहे. भातावर अर्धकच्चे आकाउशीचे काप, मधोमध अंडं. चघळावं लागतं, आणि मला तेच आवडतं. चघळायला काही नसेल तर ते मटण कसलं?

दोन हजार येनांत वाग्यू

हा भाग जपानमध्ये नोकरी करून कर भरणाऱ्या मराठी मंडळींसाठी, आणि त्यांपैकी निम्म्यांना अजून ठाऊक नसतो. २००८ पासून 'फुरुसातो नोझेई' नावाची सोय आहे. अर्थ 'गावाकडचा कर'. सगळी तरुण माणसं तोक्योत, कर तोक्योला, गावं ओस. म्हणून तुमच्या कराचा काही भाग तुम्ही आवडीच्या गावाला देणगी म्हणून वळवू शकता. (आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांना ही योजना एका वाक्यात समजेल.) गाव आभार म्हणून भेट पाठवतं, आणि भेटीची किंमत देणगीच्या ३० टक्क्यांपर्यंत असू शकते.

उदाहरण घ्या. एकटा माणूस, वर्षाचा पगार ५० लाख येन. त्याची मर्यादा साधारण ६१ हजार. त्याने ६० हजार येन दिले तर पुढच्या करातून ५८ हजार कमी होतात. खिशातून गेले फक्त दोन हजार, आणि घरी १८ हजार येनांपर्यंतचं काहीही आलं. मी दरवर्षी मियाझाकीतल्या मियाकोनोजो या शहराला देतो. मांस आणि शोचू (जपानी दारू) या दोन गोष्टींच्या बळावर हे शहर २०२२ आणि २०२३ या आर्थिक वर्षांत देणग्यांमध्ये देशात पहिलं होतं. थर्मोकोलच्या खोक्यात गोठवलेलं किरिओतोशी येतं, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्यांत. फ्रीझर आधी रिकामा करून ठेवा. भेंडीची पाकिटं कुठे ठेवायची यावरून आमच्या घरी भांडण झालेलं आहे.

गावं पाचांपेक्षा जास्त नसतील तर करपत्रक भरायची कटकट नाही. एक अर्ज पुढच्या वर्षीच्या १० जानेवारीपर्यंत पोचवायचा. मर्यादा पगारावर आणि कुटुंबावर ठरते, तेव्हा आधी हिशेब करा. वर गेलेली रक्कम खरोखरची देणगी होते. आणि वर्षअखेरीआधी कायमचे भारतात परतणार असाल तर या भानगडीत पडू नका. रहिवासी कर १ जानेवारीला जो जपानमध्ये आहे त्याला लागतो. करच नाही तर सूट कशातून मिळणार?

पप्पा आणि तिसरं पाकीट

घरी शिजवताना तेल घालू नका. मांसाच्या फ्रिजपाशी टोपलीत चरबीचे पांढरे चौकोनी तुकडे फुकट ठेवलेले असतात, त्यातला एक तव्यावर फिरवायचा. पातळ काप एका बाजूने पंधरा-वीस सेकंद, दुसऱ्या बाजूने त्याहून कमी. ओसाकाकडची मंडळी सुकियाकी करताना आधी मांस साखरेवर परततात. तोक्योवाले तयार रश्शात सोडतात. मी ओसाकाच्या बाजूचा.

गेल्या हिवाळ्यात पप्पा आले होते. त्यांना मी हौसेने ती वरच्या फळीवरची १,७८० वाली चकती आणून भाजून दिली. त्यांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा ताटात फिरवला. म्हणाले, "बरंय. पण ही सगळी चरबीच आहे रे. मटण कुठाय?"

दुसऱ्या दिवशी बाजाराला माझ्याबरोबर आले. मी किरिओतोशीचे भाव बघत होतो तेवढ्यात ते फ्रिजच्या कोपऱ्याशी जाऊन थांबले. हातात २६० येनांचं पाकीट. सुजी. पारदर्शक झिल्ली, शिरा, मधून लाल. उलटंपालटं करून बघितलं त्यांनी.

"हे काय भावाने?"

मी सांगितलं. किलोचा हिशेब मनात करून त्यांनी आणखी दोन पाकिटं टोपलीत टाकली. घरी येऊन आधी एक उकळी दिली, पाणी फेकून दिलं, मग वसईहून आणलेला मसाला, कांदा, बटाटे, आणि बारीक गॅसवर साडेतीन तास. खिडक्या वाफेने पांढऱ्या झाल्या. शिरा जेलीसारख्या मऊ झाल्या होत्या आणि रश्श्यावर तांबडं तेल आलं होतं. पाव नव्हता, तेव्हा भाताबरोबरच खाल्लं. पप्पांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि विचारलं, "हेपण तेच म्हणतोस? त्याच बैलाचं?"